विलायतेला गेलेले यजमान

राज्यांची पुनर्रचना होऊन भोपाळ राजधानी झालं, त्यानंतर काही वर्षांनी आम्ही पुण्याहून तिथल्या पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीत आलो. हे कारखान्यात ड्राफ्ट्समन. क्वार्टर नवं कोरं, भिंतींना चुन्याचा वास, दारापुढे काळ्या मातीचा चिखल. दुसऱ्या वर्षी यांची झोप उडाली. मग जेवण तुटलं. ड्रॉइंग बोर्डापुढे दिवसभर पेन्सिल धरून उभे राहायचे आणि एक रेघ ओढायचे नाहीत. शेवटी डॉक्टरांनी त्यांना परगावच्या मनोरुग्णालयात पाठवलं.

समोरच्या हेडक्लार्कांच्या पत्नीने विचारलं, "वहिनी, भावजी दिसत नाहीत?"

"ट्रेनिंगला गेलेत," मी म्हणाले.

आमच्या कॉलनीत ट्रेनिंगला फार मान. कुठे, ते मी सांगितलं नव्हतं. ते काम कॉलनीने केलं. संध्याकाळपर्यंत हे मुंबईला पोचले होते आणि रविवारपर्यंत विलायतेला. एकीने लोकरीचा रंग कळवला, दुसरीने थर्मास मागवला. मी सगळ्यांना "हो, लिहिते" म्हणत गेले.

तीन महिन्यांनी हे परतले. वाळले होते, पण झोपत होते, जेवत होते. हेडक्लार्क चहाला आले. "रंग काय उजळलाय हो! तिकडची हवाच वेगळी."

हे सरळ माणूस. "मी विलायतेला नव्हतो. मनोरुग्णालयात होतो," म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

हेडक्लार्कांनी कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच उजळलेल्या चेहऱ्यावर लोकांना वेडाची झाक दिसू लागली. हे हसले तरी माणसं एकमेकांकडे बघत, गप्प बसले तरी बघत. शेजारीण आमच्याकडे दिलेली विळी परत घेऊन गेली. कारखान्यात साहेबांनी यांना स्टोअरमध्ये बसवलं. "आराम कीजिए." आराम म्हणजे रिकामी खोकी मोजणं.

कारखान्याच्या दवाखान्यात नागपूरच्या एक समाजसेविका होत्या, सायकलवरून यायच्या. त्यांनी महिला मंडळात मानसिक आजारावर भाषण ठेवलं. बायका झाडून सगळ्या आल्या आणि तासभर माझ्याकडे बघत बसल्या. समोसे संपले, सभाही संपली.

"भाषणानं काही व्हायचं नाही," बाईच मला म्हणाल्या. त्या डॉक्टरांचं पत्र घेऊन थेट साहेबांकडे गेल्या. "इन्हें टाइफॉइड हुआ होता, तो भी आप खोके गिनवाते?" आठवड्याने यांना बोर्ड परत मिळाला. मग बाईंनी यांना विचारलं, "लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्याल? नको वाटत असेल तर स्पष्ट नाही म्हणा."

हे हो म्हणाले. रविवारी आमच्या अंगणात सात-आठ जण जमले. मग विळीवाल्या शेजारणीने धीर केला. "तिथली माणसं चावतात का हो?"

"नाही," हे गंभीरपणे म्हणाले, "पण आमटी इतकी पाणचट असायची, की आचाऱ्याला चावावं असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं."

ती खुदकन हसली. मग सगळेच हसले, आणि मग खरे प्रश्न आले. झोप कशी उडाली? रेघ ओढताना काय वाटायचं? यांनी काही लपवलं नाही. मी ट्रे हातात धरून दारातच उभी राहिले. ही उत्तरं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

सगळी कॉलनी सुधारली असं नाही. एका कुटुंबाने शेवटपर्यंत आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. हेडक्लार्क मात्र काही दिवसांनी एकटेच आले आणि दार लोटून घेतलं. त्यांचा धाकटा भाऊ अकोल्याच्या घरी मागच्या खोलीत चार वर्षं कोंडलेला होता.

"त्याला नेता येईल का तिथं?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"मी येतो बरोबर," हे म्हणाले. मी दोघांना दशम्या बांधून दिल्या.

भाऊ पुरता बरा झाला नाही. पण पुढच्या वर्षी तो पिपलानीला राहायला आला आणि सकाळच्या उन्हात अंगणात बसून पेपर मोठमोठ्याने वाचू लागला. कॉलनीने तक्रार केली, पण ती फक्त आवाजाची होती.