पिंपातलं पाणी आणि माझं मनगट

मंडळी, एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

सकाळी कॉफीसाठी उकळतं दूध ओतताना उजव्या मनगटावर सांडलं. धावत जाऊन हात पिंपाच्या नळाखाली धरला, तर रूममेट सुजाताने मिनिटभरात नळ बंद केला. "अगं, पिंप रिकामं होईल. पाण्याची लॉरी थेट परवा येणार आहे!" असं म्हणून तिने वर टूथपेस्ट फासली.

हीच बाई इथे चेन्नईत, अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना प्रथमोपचार शिकवते! "भाजलं की वीस मिनिटं वाहतं पाणी, पेस्टबिस्ट अजिबात नाही," हे तिचंच वाक्य. तरी मी पेस्ट तशीच ठेवून कामावर गेले. म्हटलं, तिला जास्त कळतं.

कारखान्यातल्या नर्सबाई पेस्ट धुताना म्हणाल्या, "अय्यो, हे कुणी केलं?" मला नाव सांगायचीच लाज वाटली.

सुजाताची आज सुट्टी होती. संध्याकाळी घरी आले, तर दोरीवर तिच्या दोन जीन्स आणि चादर. नुकत्याच धुतलेल्या, टपटप गळत होत्या.

परवा लॉरी येईल. एरवी तिच्याही घागरी मीच तीन मजले चढवते. या हाताने परवाही चढवू का, तुम्हीच सांगा.