मीटर मी पाहिलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता लिहितानासुद्धा दाराची बेल वाजली की छातीत धस्स होतं – तुम्ही हसाल, पण होतं.

मी अणुभौतिकीतला माणूस. निवृत्त झाल्यापासून दिघीत राहतो आणि शाळांतून, कारखान्यांतून एकच भाषण ठोकत हिंडतो – किरणोत्साराला घाबरू नका, समजून घ्या. खिशात एक छोटं मीटर असतं. ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ नेलं की ते टिकटिकतं, पोरं खूश होतात. लोक मला निडर समजतात. निडर! मी?

महाळुंग्याच्या एका कारखान्यात भाषण होतं. तिथे वेल्डिंगचे जोड तपासायला किरणोत्सारी गोळी वापरत. काम झालं की ती लांब नळीतून ओढून जड पेटीत परत घ्यायची. हे काम सलीमभाईंचं, कितीतरी वर्षांचा हात. त्यांचं मीटर दुरुस्तीला गेलेलं. छातीवर लावायचा, अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बॅज खुंटीला – त्यावर आकडा वाढला की घरी बसवतात, ओव्हरटाइम बुडतो, म्हणून सगळेच तसं करत. मालक मला शेड दाखवत होते, तेवढ्यात सलीमभाई आतून म्हणाले, "सर, गोळी आत गेली का, तुमच्या मीटरवर बघा की जरा."

मी दारातूनच पाहिलं. भाषणाआधी मी त्याचा आवाज बंद ठेवतो. काटा पार शेवटाला टेकला होता.

मी मीटर खिशात टाकलं. बाहेर या – दोनच शब्द होते ना? पण ते उच्चारले असते तर पुढचं सगळं मलाच निस्तरावं लागलं असतं. तिथे थांबावं लागलं असतं. मी म्हणालो, "गेलीय. चालू द्या." आणि निघालो. वळताना दिसलं – सलीमभाई ती नळी हातांनी गुंडाळायला लागले होते.

पुढचा तासभर, अंगावर शाल घेऊन, भीती अज्ञानातून कशी येते ते मी कामगारांना समजावत होतो. कुणाला तरी हळूच सांगता आलं असतं. सांगितलं नाही. आधी गोळीची भीती होती, मग खोटं उघडं पडायची.

गोळी संध्याकाळी नळीतच सापडली. पुढे सलीमभाईंची तीन बोटं काढावी लागली. चौकशीला तज्ज्ञ म्हणून बोलावलं कुणाला? मलाच. सलीमभाई म्हणाले, सरांना विचारलं होतं. मी म्हणालो, आठवत नाही. बॅज लावला नव्हता, एवढं मात्र आठवणीनं लिहून दिलं. त्यांची नोकरी गेली.

परवा भोसरीत ते भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसलेले दिसले. मी रस्ता ओलांडून सटकणार – तर त्यांनीच हाक मारली. चहा मागवला. मग म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्हाला विचारल्याचा मला भासच झाला असणार. चौकशीत उगाच तुमचं नाव घेतलं. माफ करा."

मी म्हणालो, "असू द्या."