डांबराचं मलम आणि पांढरं कापड

रस्त्यावर डांबर ओतत असले की त्या वासानं मला रावपुऱ्यातलं शिवणाचं दुकान आठवतं. आठवीत शाळा सोडून, गाव सोडून मी बडोद्याला तिथल्या शिंपीमास्तरांच्या हाताखाली लागलो होतो. कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आले. कळलं तर काम जाईल या भीतीनं मी उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायचो. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबनं चट्टे पटकन गेले, ट्यूब सोडताच दुप्पट आले. मग दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी डांबराचं मलम दिलं आणि आठवड्यातून दोनदा चट्ट्यांवर मशीनचा लाइट घ्यायला बोलावलं. सुट्टी मागायचा धीर होईना, म्हणून मी नुसतं मलमच चोपडत राहिलो. एकदा ते बाहीतून पाझरलं आणि गिऱ्हाइकाच्या बेतलेल्या पांढऱ्या कापडावर, नेमका बाहीच्या तुकड्यावर, तपकिरी डाग पडला. “हे काय रे?” मास्तरांनी विचारलं. मी बाही वर केली. “मास्तर, हा रोग कुणाला लागत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्यात तसं. लाइट घ्यायलाही बोलावलंय त्यांनी.” “ते विचारलं का मी? लाइट कधी असतो?” “मंगळवारी आणि शुक्रवारी.” “तर जा ने, भाई!” ते गुजराती ढंगात म्हणाले. “गिऱ्हाइकाला नवं कापड मी देतो.” मग टेप घेऊन त्यांनी माझा खांदा मापला, चट्ट्याला हात लागला तरी न बिचकता दंडही मापला, आणि डागाचा भाग छाटून त्याच कापडाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट मला शिवला. चट्टे अजूनही थंडीत येतात. तो शर्ट केव्हाच दंडात घट्ट झाला, पण स्वतःसाठी लांब बाही मी पुन्हा बेतली नाही.