घाटात रेंज गेली तेव्हा

मी मारुतीकडं चालत निघाले ती भक्तीनं नाही, रागानं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाची फसवणूक होणार नाही.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि तेही सहा-सहा महिने रखडून. याविरुद्ध आमची संघटना लढते आणि तिची पत्रकं मी लिहिते. ‘भीक नको, हक्काचं मानधन द्या’ असली वाक्यं माझ्या हातून सहज उतरतात. पण एक गोष्ट मी एकाही पत्रकात लिहिली नव्हती. माझ्या मोबाइलमध्ये कर्ज देणारी चार ॲप होती. वर्गात चक्रवाढ व्याज शिकवायचं आणि खोलीवर येऊन तेच भरायचं, असं चाललं होतं. हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

पहिलं कर्ज खोलीभाड्यासाठी घेतलं. पुढची मात्र घरी पैसे पाठवण्यासाठी. अजिंठ्याला अप्पांचं छोटं किराणा दुकान आहे. काम लागल्याचं त्यांना सांगताना ‘तासिका’ हा शब्द मी गिळला होता. महिन्याच्या सुरुवातीला पैसे गेले की माझ्या लग्नाचा विषय निघत नसे, आणि अप्पा गिऱ्हाइकाला सांगत, “पोरीचा पगार झाला.” पगार नव्हताच. एकाचं फेडायला दुसरं, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. ज्या लाचारीविरुद्ध मी भर चौकात बोलत होते, ती मीच गुपचूप हप्त्यानं विकत घेत होते.

श्रावणातल्या एका शुक्रवारी वसुलीवाल्याचा फोन आला. “मॅडम, कल बारा बजे तक भर दो. नहीं तो आपके सब स्टूडंट को आपका फोटो जाएगा, नीचे चोर लिखके.” ॲप घेताना मी फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी देऊन बसले होते. त्यात माझ्या तीन वर्गांची मुलं होती. उद्या त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं, हा एकच विचार डोक्यात राहिला.

श्रावणी शनिवारी आमचं अर्धं शहर पायी खुलताबादला भद्रा मारुतीला जातं. बहुतेक लोक आदल्या रात्रीच निघतात, मी पहाटे निघाले. तिथला मारुती झोपलेला आहे, चांगला आडवा. मला त्याचाही राग आला होता. आमच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि हा निवांत पडलाय. त्याच्यासमोर काय काय मागायचं याचं मी मनात रीतसर निवेदनच तयार केलं होतं, मागणी क्रमांक एकपासून.

पडेगावच्या पुढं एक मावशी बरोबर चालायला लागल्या. गारखेड्यातल्या एका मेसला पोळ्या लाटतात, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. दौलताबादला रस्त्याकडेच्या मांडवात पायी जाणाऱ्यांना साबुदाण्याची खिचडी वाटत होते. मी नको म्हटलं. “मी फुकटचं घेत नाही,” असंही वर ऐकवलं. मावशींनी द्रोण माझ्या हातात कोंबला. “खा गुमान. त्यांना पुण्य पायजे, तुला खिचडी. कुणी कुणावर उपकार नाय करत इथं.”

खाल्ली. उभ्यानं, मान खाली घालून.

घाट लागला तेव्हा मी कडेच्या दगडावर बसले आणि पाचवं ॲप उघडलं. नाव, आधार, फोटो, सगळं भरून झालं. फक्त ओटीपी यायचा होता. तो येईना. बघते तर रेंज गेलेली. मी हात उंच करून रस्त्यावर इकडून तिकडं फिरायला लागले.

“काय हाय एवढं त्या डबड्यात?” मावशींनी विचारलं.

“कर्ज काढतेय. पाचवं.” मी जवळजवळ अंगावरच गेले त्यांच्या.

“घरी म्हाईत हाय?”

“नाही.”

“मैतरणींना?”

“नाही.”

“मग सांगणार कुणाला?”

मी घाटाच्या वर बोट केलं. मावशी पोट धरून हसल्या. “म्हंजी झोपलेल्याला उठवून सांगणार, अन् जे जागे हायेत त्यांच्यापून लपवणार. लई शिकलीस माय.”

मला उलट उत्तर देता येतं, तेच माझं काम आहे. त्या चढावर मात्र मी उंचावलेला हात खाली घेतला आणि त्यांच्या मागोमाग चालायला लागले.

वर पोचल्यावर फोन वाजला. ओटीपी आला होता, पण त्याची मुदत संपली होती. ‘पुन्हा पाठवा’ असं बटण समोर होतं. ते दाबायला कुणी अडवलं नव्हतं. मी फोन पिशवीत टाकला.

रांगेत मागण्या पुन्हा एकदा घोकल्या. पण शेंदरानं माखलेली ती आडवी मूर्ती समोर आली आणि एकही क्रमांक आठवला नाही. तोंडातून एवढंच गेलं, “माझ्याच्यानं होत नाही. आता तू नेशील तसं.” मागून ढकलत होते, मी पुढं सरकले. एवढंच दर्शन. बाहेर आले तेव्हा काय करायचं ते मला स्वच्छ कळलं होतं.

अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“मग इतके दिवस आम्ही कुणाचे पैसे खात होतो?”

“ॲपवाल्यांचे.”

“आजपून एक रुपया धाडायचा नाय. दुकान चालतंय माझं.” मग म्हणाले, “तुझ्या त्या कॉलेजवाल्या साहेबाचा नंबर दे. त्याला इचारतो, पोरीचे पैसे का अडवले म्हणून.”

मी रडत होते आणि हसतही होते.

मग तिथंच ओट्यावर बसून तिन्ही वर्गांच्या ग्रुपवर लिहिलं: ‘माझ्यावर कर्ज आहे. वेळेवर मानधन मिळालं नाही म्हणून काढलं, आणि खोट्या अब्रूसाठी वाढवलं. आज तुम्हाला माझा फोटो येईल. घाबरू नका, आणि अशी ॲप घेऊ नका.’ तेच संघटनेच्या ग्रुपवर टाकलं.

बाराला फोन आला. “क्या मॅडम, भेजूँ?”

“भेजो. मैंने खुद ही सबको बता दिया है.”

त्यानं एक शिवी देऊन फोन ठेवला. फोटो गेले काही जणांना. एका मुलीचा मेसेज आला, ‘मॅडम, ब्लॉक केला त्याला. सोमवारी तास आहे ना?’ मावशींना मी खूप शोधलं. गर्दीत दिसल्या नाहीत, आणि नाव तर मी विचारलंच नव्हतं.

घाटात रेंज जाते, ती सगळ्यांचीच जाते. त्याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे, संध्याकाळी शिकवण्या धरल्या आहेत, संघटनेतल्या चौघांनी आपापली कर्जं त्याच आठवड्यात उघड सांगितली. ‘शरण’ हा शब्द आम्ही चळवळीतले लोक शिवीसारखा वापरतो. शरण जायचं म्हणजे हरायचं, असं मीही समजत होते. त्या दिवशी हात टेकले तेव्हा माझ्यातलं फक्त खोटं हरलं. हप्ते अजून बाकी आहेत. ते मी फेडणार, सगळ्यांदेखत, आणि मानधनासाठी भांडणारही. एवढं बळ दे, असं मी मागितलं नव्हतं. तरी ते मिळालं, आणि त्यासाठी मी हात जोडते.