हाउएवर, मोरओव्हर आणि आहेरभाऊंचं बिकॉज

इंग्रजी रायटिंगचा क्लास घेतल्याने माझ्याकडे इंग्रजी किती साठलं देव जाणे, किस्से मात्र इतके साठलेत की ठेवायला जागा नाही! त्यातही जोडशब्दांचे, म्हणजे कनेक्टर्सचे, सगळ्यात जास्त.

नाशिकला माझ्या घरच्या हॉलमध्ये संध्याकाळची बॅच भरते. माझा नियम एकच: दोन वाक्यांचं नातं काय, ते आधी ओळखा, मगच मध्ये शब्द घाला.

हे ऐकल्याबरोबर पहिल्याच दिवशी शरद आहेर खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे आधी स्थळाची चौकशी, मग बैठक! मॅडम, हे तर मी आयुष्यभर करतोय!"

आहेरभाऊ मूळचे नामपूरचे. तिकडच्या निम्म्या सोयरिकी यांनीच जुळवलेल्या. नोकरी नाशिकमध्येच अंबडच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. सुपरवायझरच्या जागेसाठी इंग्रजीत रिपोर्ट लिहायची परीक्षा असते, आणि त्यात ते दोनदा गळले होते. शेरा दोन्ही वेळा तोच: वाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही. "लोकांचे संसार जोडले, मॅडम, आणि माझी दोन वाक्यं जुळत नाहीत! यंदा शेवटची संधी आहे." हे सांगताना त्यांचा चेहरा पडला आणि आम्ही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं, हा माणूस पास झालाच पाहिजे!

* * *

कविताताई लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात मेल लिहितात. त्यांना 'मोरओव्हर' शिकवलं आणि त्या शब्दाच्या प्रेमातच पडल्या.

दुसऱ्याच दिवशी दुबईच्या गिऱ्हाइकाला मेल गेला. कंटेनर अडकला आहे. मोरओव्हर, पाऊस झाला आहे. मोरओव्हर, माल भिजला आहे. मोरओव्हर, आमचे शेठ बाहेरगावी आहेत.

पाच मिनिटांत दुबईहून फोन! "बहनजी, मारना है तो एक बार में मारो! हर लाइन पे लगता है अब अच्छी खबर आएगी!"

* * *

बॅचमधल्या गायकवाडांनी घरी फ्रिजवर सगळे कनेक्टर्स चिकटवले. येता-जाता पाठ होतील म्हणून. पाठ झाले ते बायकोला!

एकदा जेवताना गायकवाड म्हणाले, "भाजी एक नंबर झालीय. हाउएवर..."

वहिनींनी समोरचं ताटच उचललं. "हाउएवरच्या पुढे काय येतं ते मला माहितीये. पुढचं तुम्ही किचनमध्ये स्वतः करून खा!"

तेव्हापासून गायकवाड घरात फक्त 'मोरओव्हर' वापरतात.

* * *

आहेरभाऊंची गाडी मात्र 'बिकॉज'पाशी अडली. बाकी सगळं झकास, पण बिकॉज काही केल्या लिहीनात! तेल कमी होतं. मशीन थांबलं. दोन वाक्यं दोन टोकांना.

"भाऊ, या दोघांचं काही नातं आहे की नाही?" मी विचारलं.

"शे ना मॅडम!" घाईत ते गावाकडचं बोलून गेले. "नातं आहे. पण आमच्या कंपनीत ते जाहीर करत नाहीत!"

मग त्यांनी समजावलं. बिकॉज लिहिलं की पुढे कारण येतं, आणि कारणाच्या मागे कुणाचं तरी नाव येतं. म्हणून सगळे रिपोर्ट असेच. घडलेलं लिहायचं, का घडलं ते चहाच्या टपरीवर बोलायचं.

कविताताई फाडकन म्हणाल्या, "भाऊ, लपवाछपवी करून तुम्ही कुणाचं लग्न लावलंय का हो?"

आहेरभाऊ वही मिटून उठले. त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेले.

* * *

आणि मग परीक्षेचा दिवस! बॅच संपली तरी कुणी उठेना. तेवढ्यात आहेरभाऊ थेट कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच दारात. घामाने डबडबलेले. "आधी पाणी द्या," म्हणाले. गटागटा प्यायले आणि सांगायला लागले.

विषय आला होता, गेल्या महिन्यात प्रेस मशीन बंद का पडलं. अख्ख्या कारखान्याला कारण ठाऊक होतं. ऑर्डर वेळेत जावी म्हणून मोठ्या साहेबांनीच मेंटेनन्स पुढे ढकलायला लावला होता. आणि पेपर तपासायला समोर बसले होते तेच मोठे साहेब!

"अरे बाप रे!" गायकवाड किंचाळले. "मग?"

"दोनदा खोडलं. पण लिहिलं. प्रेस बंद पडलं, बिकॉज मेंटेनन्स पुढे ढकलला गेला."

गायकवाड खुर्ची ओढून पुढे सरकले.

"साहेबांनी वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून मला विचारलं, 'आहेर, कुणी ढकलला ते का नाही लिहिलं?'"

"तुम्ही काय म्हणालात?" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"मी म्हणालो, साहेब, आमच्या मॅडम सांगतात, एका वाक्यात एकच बिकॉज लावायचं."

असलं काही मी जन्मात सांगितलेलं नाही!

"आणि साहेब?"

"साहेबांनी खिशातून पेन काढलं. माझ्या वाक्याखाली स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, 'आता इथे सुपरवायझरची सही लागते. करा.'"