दोन खरखरीत लाद्या

आई पडली ती आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच जुन्या लादीवर. खोपटच्या आमच्या इमारतीत घरोघरी तीच ठिपक्याठिपक्यांची लादी, वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झालेली, मध्येमध्ये खचलेली. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वॉकर घेऊन चालतील त्या. पण पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. आधी घरातली फरशी बदला." घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. ते वाक्य डोक्यात घेऊन मी फरशी शोधायला निघाले आणि अशी काही माती खाल्ली की अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पहिल्यांदा गेलेले कल्याणला. ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलेलं, बाजारात एक जुनं दुकान आहे, म्हातारा तुसडा आहे पण माल सरळ देतो. तुसडा म्हणजे किती! बसा नाही, पाणी घ्या नाही. मी आईचं सगळं रामायण ऐकवलं. त्याने ते मान वर न करता ऐकलं आणि आतून दोन करड्या, खरखरीत लाद्या आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"ताई, या घरी न्या. वर पाणी ओता, थोडा साबण टाका आणि आईंना धरून उभं करा. पाय सरकला नाही तरच परत या. दिसायला या अशाच आहेत. मळ धरतात, घासाव्या लागतात. नंतर येऊन माझ्याशी भांडू नका."

एवढं बोलून तो पुन्हा पेपर वाचायला लागला. विकायचंय की नाही याला, असं मला वाटलं. दोन लाद्या पिशवीत घालून मी हात तुटेपर्यंत घरी वाहून आणल्या.

आईने त्या पाहिल्या आणि नाक मुरडलं. "अगं, ही काय फरशी म्हणायची? एसटी स्टँडच्या मुतारीत असते तशी दिसतेय!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच तशी हसली होती, म्हणून मला तर फारच बरं वाटलं. त्या हसण्यात पाणी ओतून बघायचं राहूनच गेलं. लाद्या बाल्कनीत गेल्या आणि त्यांच्यावर तुळशीची कुंडी बसली.

मग कोलशेतच्या बाजूचं एक मोठं टाइल्सचं शोरूम. या वेळी आईलाही रिक्षातून नेलं, तिच्या पसंतीने होऊ दे म्हणून. आत गारेगार एसी, बसायला सोफा, कॉफी. समोर आलेला सेल्समन चाळिशीचा, टापटीप, स्वच्छ मराठी बोलणारा. त्याने आईला "या आई" म्हटलं आणि भर दुकानात वाकून तिच्या पायांना हात लावला.

झालं! तिथेच आम्ही संपलो. आमच्या घरात पाया पडलेल्या माणसाला उलटे प्रश्न विचारायची पद्धत नाही. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा रे बाळा" म्हणाली आणि तिचे डोळे पाणावले. आजारपणात नातेवाइकांनीसुद्धा तिची एवढी विचारपूस केली नव्हती.

त्याने जमिनीवर मांडलेल्या एका बदामी टाइलवर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि आईला दंडाला धरून दोन पावलं चालवलं. पाय तसूभर सरकला नाही. आईचा चेहरा खुलला. "हीच घेऊ गं." मग तो म्हणाला की स्कीम आजच संपतेय, स्टॉकही शेवटचाच आहे. मिस्त्रीही आमचाच, तुम्ही आठ दिवस कुठेतरी निवांत राहून या, परत याल तेव्हा घर तयार. बिलावर टाइलचा रंग होता, साइज होती. न घसरणारी, असं कुठेच नव्हतं. ते माझ्या लक्षात आलेलं, खोटं कशाला बोलू? "तेवढं लिहून द्या" हे शब्द अगदी जिभेवर आलेले. पण शेजारी आई त्याला त्याच्या आईची तब्येत विचारत होती. कोणत्या तोंडाने म्हणणार? सही केली.

आठ दिवस डोंबिवलीला मोठ्या बहिणीकडे काढले. परत आलो तर घर नुसतं लखलखत होतं. शेजारीण दारातूनच ओरडली, "अय्या, आरशासारखी की गं!" रंग तोच बदामी, पण वर ही चकाकी कुठून आली? मी चप्पल काढली, तांब्याभर पाणी ओतलं आणि पाय ठेवला. माझाच पाय सर्रकन गेला, दाराची चौकट धरली म्हणून वाचले. वॉकर धरून उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या आईने हे सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या शोरूममध्ये जाऊन तावातावाने भांडले. आई चालली होती ती टाइल जागेवरून गायब, तिथे दुसरीच. त्या सेल्समनने बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली, बसवलेल्या मालाची तक्रार चालणार नाही. "मॅडम, तुम्ही हीच पसंत केलेली ना?" आता मी मॅडम झालेले! आणि जाता जाता त्याने मला घसरण थांबवणारं एक लिक्विड विकलं. हो, विकलं, आणि मी मुकाट्याने घेतलं. दुसरं करणार काय होते? त्या लिक्विडने फरशीवर पांढरे डाग पडले, घसरणं होतं तेवढंच राहिलं.

मग पुन्हा कल्याणला गेले. म्हातारा "मी सांगितलेलं" असं एका शब्दाने म्हणाला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, आहे त्या फरशीवरच दुसरी बसवली तर दारात पायरी होईल, आईंना पाय उचलवणार नाही. फोडूनच काढावी लागेल. ते पुन्हा करायची ताकद आता आमच्यात कुठली? ग्राहक मंचात जा, असं सगळे सांगतात. तिथे दाखवू काय, पाया पडला होता म्हणून?

आता आई पलंगावरून पाय खाली सोडत नाही. पातळ रबरी मॅट घातल्या, त्याही सरकतात. परवा मी चिडून त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या, तर म्हणाली, "नको गं. मी आशीर्वाद दिलाय त्याला." थोड्या वेळाने म्हणाली, "बाल्कनीतल्या त्या मुतारीच्या लाद्या आहेत ना, त्या आण."

कुंडी उचलली, लाद्या घासून धुतल्या, खाली जाड रबर चिकटवून पलंगाशी मांडल्या. वर पाणी ओतलं, जरा साबण टाकला. आईला धरून उभं केलं. पाय सरकला नाही.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती वॉकर धरून त्या दोन लाद्यांवर उभी राहते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. ती एक पाऊल पुढच्या लादीवर टाकते, मग मागे घेते.