एकाच ट्रॅक्टरची जागा

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. हे म्युनिकच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेट करत होते आणि तिथे आम्हा नवराबायकोला खोली द्यायला कुणी तयार होत नव्हतं. शेवटी इन्स्टिट्यूटच्या रखवालदाराने आपल्या बहिणीच्या घराचा वरचा मजला मिळवून दिला. बहीण होती रेगेन्सबर्गजवळच्या एका खेड्यात. म्हणून मी खेड्यात राहायचे आणि हे शनिवारच्या गाडीने यायचे.

घरमालकीणबाईंना सगळं गाव बॉयरिन म्हणायचं, म्हणजे शेताची मालकीण. मीही तेच म्हणू लागले. पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने मजबूत बाई. त्यांचा नवरा महायुद्धात रशियात लढायला गेला आणि परत आला नाही. मेल्याचंही कुणी कळवलं नाही. घरात त्या आणि त्यांचे सासरे, दोघंच. सासऱ्यांना सगळे ओपा, म्हणजे आजोबा, म्हणत. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि बोलायचेही ते कमीच.

त्या शरद ऋतूत बॉयरिननी नवा ट्रॅक्टर घेतला आणि प्रश्न आला जागेचा. गोठ्यामागच्या शेडमध्ये दोन जुने ट्रॅक्टर उभे होते. नवा आत घ्यायचा तर त्यातला एकच राहू शकत होता. लाकडं कापायची करवत पट्ट्यावर चालवायला एक जुना हवाच होता. थंडीत शेतात काम नसतं, तेव्हा तो दुरुस्त करायचा आणि दुसरा वसंतात भंगारवाल्याला द्यायचा, असं ठरलं. कुठला ठेवायचा, ते मात्र ठरेना.

पहिला ट्रॅक्टर बॉयरिनच्या नवऱ्याचा. लढाईच्या आधी त्याने तो नवा कोरा आणला होता. पुढे डिझेल मिळेना, तेव्हा त्याच्या पुढ्यात लाकडं जाळून इंजिनासाठी गॅस करणारी एक उंच टाकी बसवली गेली. दुसरा एका सिलिंडरचा, बोजड, लढाईनंतर दोन गाईंच्या बदल्यात घरात आलेला. त्याचा पिस्टन गंजून अडकला होता आणि बसायची सीट मोडून कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी कॉफीच्या टेबलावर विषय निघाला.

"लाकडावर चालणारा ट्रॅक्टर! अहो, हा तर ठेवायलाच हवा," हे म्हणाले. यांना त्या टाकीची रचना बघायची होती, करवतीचं यांना काही पडलेलं नव्हतं.

"मला म्युझियम नकोय. लाकडं कापायची आहेत," बॉयरिन म्हणाल्या. "एका सिलिंडरचा ठेवू. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं."

ओपांनी कप खाली ठेवला. "माझ्या मुलाचा ठेवायचा," ते म्हणाले आणि उठून गेले.

बॉयरिन खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काय मत?"

माझं मत त्यांनी का विचारलं त्याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात शेडमध्ये तो एका सिलिंडरचा बघून मी हसले होते. साताऱ्याकडे आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि तिचं इंजिन याच जातीचं होतं. त्याच्या तोंडाशी बिडाचा एक मोठा गोळा. तो ज्वाळेने लाल होईपर्यंत तापवायचा, तेव्हा कुठे इंजिन पेटायचं. हे मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करून बॉयरिनना सांगितलं होतं.

"दोन्ही आधी नीट बघू या," मी म्हटलं. आजारी माणसाबद्दल बोलावं तसं मी सावधपणे बोलले, कारण ओपा दाराबाहेरच उभे असावेत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. साडीवर बॉयरिनचा जाड कोट, पायात त्यांचेच बूट, त्यात कागदाचे बोळे कोंबलेले. थंडी अशी की हातातला पाना कातडीला चिकटायचा. गावातल्या बायका दूध न्यायला आल्या की शेडच्या दारातून डोकावून जायच्या.

ओपांच्या मुलाच्या ट्रॅक्टरवरची घाण मी रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. इंजिनाच्या डाव्या अंगाला फडकं अडकलं. बोट फिरवलं तर भेग. वरपासून खालपर्यंत गेलेली, आत गंज. कुठल्यातरी हिवाळ्यात इंजिनातलं पाणी काढायचं राहिलं असणार, ते गोठलं आणि इंजिनाचा बिडाचा ब्लॉक फुटला. शनिवारी हे आले तेव्हा मी यांना ती दाखवली.

"संपलं," हे म्हणाले. "याचं आता काही होत नाही. पण म्हाताऱ्याला सांगणार कोण?"

"तुम्ही सांगा. तुमचं जर्मन चांगलं आहे."

"हे जर्मनचं काम नाही," हे म्हणाले.

आमची कुजबूज चालली असतानाच ओपा आत आले. आम्ही मराठीत बोलत होतो, पण माझं बोट त्या भेगेवरच होतं. त्यांनी ते पाहिलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तो लढाईवर गेला, त्याच्या पुढच्या वसंतातच बघितलं मी."

"मग तुम्ही याचीच दुरुस्ती करा म्हणत होतात, ते कसं?" मी विचारलं. ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारावं लागलं, आणि असला प्रश्न ओरडून विचारताना मला फार वाईट वाटलं.

"दुरुस्त करा कधी म्हटलं? ठेवा म्हटलं." ते टाकीला हात लावून उभे राहिले. "तो गेला तेव्हा सून एकटी होती शेतावर. मी इस्पितळात. पाणी काढायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला हे सांगू नका."

मागे बॉयरिन दुधाची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती सावकाश खाली ठेवली.

"फाटर," त्या म्हणाल्या. सासऱ्यांना त्या वडीलच म्हणायच्या. "मलाही माहीत आहे. म्हणूनच हा ठेवा असं मी कधी म्हणू शकले नाही."

ओपांना नीट ऐकू गेलं नसावं. त्या जवळ गेल्या आणि त्यांच्या कानाशी पुन्हा तेच बोलल्या. आम्ही दोघं बाहेर आलो. बर्फ पडत होता.

त्यानंतर वाद उरला नाही. सोमवारी सकाळी मी शेडमध्ये गेले तर ओपा पाना घेऊन मुलाच्या ट्रॅक्टरची सीट काढत होते. बोल्ट हलेना, तेव्हा बॉयरिननीही हात लावला. ती पत्र्याची सीट, दोन्ही दिवे आणि डिझेलचा कॉक त्यांनी एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरशेजारी पोत्यावर मांडून ठेवला. "हे यावर बसवा," ओपा म्हणाले.

सारी थंडी त्यात गेली. सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून ठेवायचं आणि रोज लाकडाचा ठोकळा धरून पिस्टनवर घण घालायचा. तो घण बॉयरिनचा. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, डॅन्यूबच्या काठाने बर्फाचे थर चढले, तरी पिस्टन जागचा हलला नाही. मी तर आशाच सोडली होती. मग एका दुपारी, नेहमीच्याच घावाला, तो बोटभर सरकला. बॉयरिननी घण टाकून मला मिठी मारली, आणि माझ्या कपाळाला त्यांच्या हाताचं ग्रीस लागलं. यांनी इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट कापून आणलं. ते पहिल्या वेळी चुकलं, दुसऱ्या वेळी बसलं.

मार्चमध्ये इंजिन पेटवायचा दिवस आला. मी रॉकेलच्या ब्लोलॅम्पची ज्वाळा गोळ्याखाली धरली. गोळा लाल झाल्यावर बॉयरिननी स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढलं आणि इंजिनाच्या बाजूच्या जड चाकात खुपसून झोका दिला. या ट्रॅक्टरचं हँडल म्हणजे त्याचं स्टिअरिंगच. तिसऱ्या झोक्याला इंजिन धडाडलं. कोंबड्या पळाल्या, गोठ्यातल्या गाई हंबरल्या. बॉयरिननी स्टिअरिंग परत जागेवर बसवलं, नव्याने बसवलेल्या सीटवर चढल्या आणि पहिला गिअर टाकला.

ट्रॅक्टर मागे निघाला. सरळ शेणाच्या ढिगात.

या जातीचं इंजिन कधीकधी उलटं फिरायला लागतं. हे मला वडिलांच्या गिरणीपासून ठाऊक होतं, पण गिरणीला मागे जायला जागाच नसते, त्यामुळे सांगायचं सुचलंच नाही. बॉयरिन ढिगात अर्ध्या रुतलेल्या ट्रॅक्टरवर बसून मोठ्याने शिव्या देत होत्या आणि ओपा भिंतीला टेकून हसत होते. त्यांना हसताना मी प्रथमच बघत होते. हसता हसता त्यांना खोकला आला, तरी ते थांबेनात.

भंगारवाला एप्रिलमध्ये आला. मुलाचा ट्रॅक्टर साखळीने ओढून ट्रकवर चढवेपर्यंत ओपा टोपी हातात धरून अंगणात उभे होते. ट्रक रस्त्याला लागल्यावर बॉयरिननी त्यांना विचारलं, "आत येता ना?"

"करवत चालू कर," ते म्हणाले. "लाकडं पडून आहेत."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही लाकडं कापली. ओपा ओंडके सरकवत होते आणि मी कापलेल्या तुकड्यांची गोठ्याच्या भिंतीशी रास लावत होते.